गाडीचे कागद, शीटमधला लाल रंग आणि हुकलेलं पासिंग

सहाचाकी (१९ जुलै २०२५, रात्री)

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईनं हवी आहे.

शिरवळ-खंडाळा पट्ट्यात आमच्या नऊ गाड्या चालतात. चार आयशर ट्रक, तीन टाटा ४०७ आणि दोन छोटे हत्ती (टाटा एस). वडिलांनी हा धंदा पंचवीस वर्षं एका वहीवर सांभाळला. दोन वर्षांपूर्वी मी ती वही गूगल शीटमध्ये आणली. प्रत्येक गाडीची एक ओळ आणि पुढे पाच कागदांचे पाच कॉलम: इन्शुरन्स, पासिंग (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा आरटीओचा दाखला), परमिट, टॅक्स, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला). कंडिशनल फॉरमॅटिंगचे (अट पूर्ण झाली की चौकोन आपोआप रंगवण्याचे) दोन नियम लावले. ३० दिवस उरले की चौकोन पिवळा, मुदत गेली की लाल.

काल आमची एक आयशर कंपनीच्या गेटवरून परत पाठवली. माल भरायला आत सोडण्याआधी तिथे कागद बघतात. पासिंग ८ जुलैलाच संपलं होतं. म्हणजे दहा दिवस गाडी बिनपासिंगची पळत होती. घरी येऊन शीट उघडलं तर तो चौकोन नुसता पिवळा, जणू अजून मुदत आहे. लाल नाहीच. आणि ज्या दोन गाड्या आम्ही गेल्या वर्षी विकल्या त्यांच्या ओळी लालभडक. छोट्या हत्तींना परमिट लागत नाही (एकूण वजन ३,००० किलोच्या आतली मालगाडी), त्यामुळे ते चौकोन रिकामे आहेत, तेही लाल.

वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी कपाटातली जुनी वही काढून टेबलावर ठेवली एवढंच. मला ते फार लागलं. चूक नेमकी कुठे आहे ते मला शोधायचंय.

ओळ_रकाना (१९ जुलै)

दादा, नियम नंतर बघू, आधी तारखा तपासा. माझ्या अनुभवात रंग चुकतो तेव्हा दहातल्या आठ वेळा नियम बरोबर असतो आणि तारीखच तारीख नसते.

शीटसाठी तारीख हा फक्त एक आकडा असतो. १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५,६५८. रोज त्यात एक मिळवायचा, बस. म्हणून तर मुदतीच्या तारखेतून आजची तारीख वजा करता येते. पण तुम्ही टाईप केलेलं शीटला तारीख म्हणून उमगलं नाही, तर ते नुसते शब्द म्हणून पडून राहतं. दिसायला अगदी तसंच.

दोन गोष्टी करा. तारखांचे कॉलम निवडून डावं-उजवं अलाइनमेंट काढून टाका. खरी तारीख आपोआप उजवीकडे सरकते, शब्द डावीकडे राहतात. मग फॉरमॅट बदलून महिना नावानं दिसेल असं करा. आकड्यांत नको, 'जुलै', 'ऑगस्ट' असं अक्षरांत. काय दिसतंय ते इथे सांगा.

सहाचाकी (१९ जुलै, उशिरा)

सांगितलं तसं केलं. अंगावर काटा आला.

त्या आयशरचं पासिंग मी ०८/०७/२०२५ असं टाकलं होतं. महिना नावानं दाखवल्यावर तिथे ७ ऑगस्ट २०२५ आलं. आणि एका ४०७ चा इन्शुरन्स २२/०७/२०२५ आहे, तो डावीकडे चिकटून बसलाय, महिन्याचं नाव येतच नाही. तसे एकूण एकोणीस चौकोन सापडले. इन्शुरन्सला तीन दिवस उरलेत आणि शीटला त्याचा पत्ताच नाही.

ओळ_रकाना (२० जुलै, सकाळी)

तो इन्शुरन्स आज भरून टाका, बाकी सगळं नंतर. दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की विमा नसताना अपघात झाला तर नुकसानभरपाई सरळ मालकाच्या गळ्यात पडते.

आता कारण. तुमच्या शीटचा लोकॅल (तारखा कुठल्या देशाच्या पद्धतीनं वाचायच्या ती सेटिंग) अमेरिकेचा असणार. फाईल, मग सेटिंग्ज, तिथे बघा. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. त्यामुळे तुम्ही लिहिलेला ८ जुलै त्याला ७ ऑगस्ट वाटला. आणि २२/०७ लिहिलं तेव्हा बाविसावा महिना नसतोच, म्हणून त्यानं ते तारीख म्हणून घेतलंच नाही, शब्द म्हणून ठेवलं.

म्हणजे एकाच चुकीची दोन तोंडं आहेत. दिवस १३ ते ३१ असेल तर तारखेचा शब्द होतो. १ ते १२ असेल तर दिवस-महिन्याची गुपचूप अदलाबदल होते. पहिली चूक अलाइनमेंटवरून पकडता येते. दुसरी महिना अक्षरांत काढून कागदाशी ताडल्याशिवाय दिसत नाही, कारण ७ ऑगस्ट हीसुद्धा खरीच तारीख आहे. तुमचं पासिंग तिथे हुकलं.

शब्द झालेल्या तारखेचा आणखी एक धोका. शीटच्या तुलनेत शब्द हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. म्हणून 'ही तारीख आजच्यापेक्षा लहान आहे का' याचं उत्तर कायम 'नाही'. आणि त्यातून आजची तारीख वजा करायला गेलात तर एरर येते, पण नियमाच्या आत आलेली एरर दिसत नाही, नियम नुसता लागू होत नाही. दोन्हीकडून चौकोन पांढराच राहतो.

लोकॅल भारत करा. पण त्यानं जुन्या तारखा दुरुस्त होत नाहीत. आत साठवलेला आकडा ७ ऑगस्टचाच राहील, फक्त दाखवताना ०७/०८ असा दिसेल. सगळ्या तारखा मूळ कागद समोर ठेवून पुन्हा टाका. चाळीसेक तारखांना तासभर लागेल. सूत्रानं उलटसुलट करण्याच्या फंदात पडू नका, कारण कुठली तारीख आधीच बरोबर होती हे सूत्राला कळणार नाही.

नेकारकाठ (२० जुलै)

जर्मनीतून लिहितेय. माझ्या ऑफिसच्या एक्सेलमध्ये 'टुडे' नावाचं (आजची तारीख देणारं) फंक्शनच नाही, तिथे 'हॉयटे' लिहावं लागतं. सूत्रात स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम. नियमाच्या चौकटीत इंग्रजी नाव टाकलं आणि अर्धा दिवस डोकं धरून बसले होते. तयार फाईल मात्र कुठल्याही भाषेच्या एक्सेलमध्ये उघडली की फंक्शनची नावं आपोआप बदलतात, तेव्हा बाहेर कुणाला शीट द्यायचं असेल तर सूत्र मेसेजमध्ये लिहून पाठवू नका, फाईलच पाठवा. आणि ८.७.२०२५ अशी टिंबं देऊन लिहिलेली तारीख इथे तारीख असते, पण पुण्यातल्या माझ्या भावाच्या एक्सेलमध्ये ती शब्द होते. एक्सेल हे कॉम्प्युटरच्या रीजन सेटिंगवरून ठरवतं. दोघं एकाच फाईलमध्ये तारखा भरत असाल तर दोघांची सेटिंग सारखी आहे का ते बघा.

पासिंगचा विषय निघालाय म्हणून सांगते. इथे गाडीची तपासणी दर दोन वर्षांनी होते (नव्या गाडीची पहिली तीन वर्षांनी) आणि पास झाली की मागच्या नंबरप्लेटवर एक गोल स्टिकर लावतात. त्याचा रंग मुदतीच्या वर्षाप्रमाणे बदलतो. २०२५ चा नारिंगी, २०२६ चा निळा, २०२७ चा पिवळा. गोलात वर जो आकडा येतो तो महिना. रस्त्यावर उभ्या पोलिसाला लांबूनच कळतं. आपल्या शीटमध्ये जे करायचंय ते इथे पत्र्यावर केलेलं आहे. आणि त्यात एक शहाणपण आहे: एका वेळी एकच रंग, एकच अर्थ.

आकडेमोड (२० जुलै, दुपारी)

नेकारकाठ ताई, तुमच्या शेवटच्या ओळीवरच मला बोलायचंय.

मी नाशिकला एका कर सल्लागाराकडे काम करते. आमच्याकडे मुदतींचाच धंदा आहे. टीडीएस (कापून घेतलेला आयकर) ७ तारखेला (मार्चचा मात्र ३० एप्रिलला), जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) महिन्याच्या ११ ला, पीएफ १५ ला, ३बी (जीएसटी भरण्याचं विवरण) २० ला. ३बी उशिरा गेलं तर रोजचे ५० रुपये, निरंक असलं तरी २०. सुरुवातीला मीही सगळ्यांना एकच नियम लावला होता: सात दिवस उरले की पिवळा. दर महिन्याच्या ४ तारखेपासून २० तारखेपर्यंत अख्खं शीट पिवळं दिसायचं. आठ दिवसांत आमच्या डोळ्यांना त्याची सवय झाली आणि मग त्यातला कुठलाच पिवळा कुणाला दिसेना.

मग मॅडमनी एक प्रश्न विचारला, तो मी कधी विसरणार नाही. "हा पिवळा बघून आज मी उठून काय करायचं?" ज्या ओळीला याचं उत्तर नाही ती रंगवायची नाही, असं आम्ही ठरवलं.

त्यासाठी 'तयारीचे दिवस' असा एक वेगळा कॉलम टाका. प्रत्येक कामाला आपला आकडा. तुमच्याकडे पीयूसीला ३ दिवस पुरतील, पंपावर जाऊन दहा मिनिटांत होतं. इन्शुरन्सला १०. पासिंगला मात्र ३०-४० धरा, कारण अपॉइंटमेंट, रंगकाम, रिफ्लेक्टर, ब्रेक, गाडी एक दिवस उभी राहणार, हे सगळं त्यात आलं. सरसकट ३० दिवस लावले की पीयूसी महिनाभर उगाच पिवळी राहते आणि पासिंगचा पिवळा तिच्या गर्दीत हरवतो.

आणि गाडी आडवी, कागद उभे अशी मांडणी मोडा. एका कागदाला एक ओळ करा. ए मध्ये गाडी, बी मध्ये कागद, सी मध्ये मुदत, डी मध्ये तयारीचे दिवस, इ मध्ये काम सुरू केल्याची तारीख. मग छोट्या हत्तीच्या परमिटची ओळच नसेल, रिकामा चौकोन लाल होण्याचा प्रश्नच मिटतो. विकलेल्या गाड्या दुसऱ्या पानावर हलवा.

ओळ_रकाना (२० जुलै)

आकडेमोड ताईंच्या मांडणीवर नियम देतो. वाचून अर्थ लागावा म्हणून देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये नावं, अक्षरं आणि आकडे इंग्रजीत टाका. मुदत-तक्ता दुसऱ्या ओळीपासून सुरू होतो असं धरलंय. रेंज ए२ पासून इ२०० पर्यंत, आणि नियमात 'कस्टम फॉर्म्युला' निवडा.

सगळ्यात वर जांभळा:
=इजटेक्स्ट($सी२)

त्याखाली लाल:
=अँड($सी२<>"", $सी२<टुडे())

त्याखाली पिवळा:
=अँड($सी२<>"", $इ२="", $सी२-टुडे()<=$डी२)

जांभळा म्हणजे इथे तारीख नसून शब्द पडलाय. तुमच्यावर जी वेळ आली ती पुन्हा येऊ नये म्हणून हा नियम पहिला. लाल नियमात 'पेक्षा लहान' आहे, 'लहान किंवा बरोबर' नाही, कारण कागदावर लिहिलेल्या शेवटच्या दिवशी कागद चालू असतो. रिकाम्या चौकोनाची किंमत शून्य धरली जाते आणि शून्य आजच्यापेक्षा लहानच, म्हणून 'रिकामा नसेल तर' हा भाग दोन्हीकडे हवा. तुमचे रिकामे चौकोन याच कारणानं लाल होत होते.

क्रम महत्त्वाचा. गूगल शीटमध्ये वरचा नियम लागला की खालचा त्यावर रंग देत नाही. पिवळा वर ठेवलात तर मुदत गेलेले कागदही पिवळेच दिसतील, कारण उणे दहा हे सुद्धा तीसपेक्षा कमीच.

आणि एक माझं आग्रहाचं मत. काम सुरू केलं की पिवळा जाऊ दे, म्हणून त्या नियमात इ कॉलम आहे. पण लाल जाऊ देऊ नका. फॉर्म भरला, पैसे भरले, अपॉइंटमेंट मिळाली, तरी नवा कागद हातात येऊन नवी तारीख पडेपर्यंत गाडी रस्त्यावर बिनकागदाचीच आहे.

सोसायटी_सचिव (२१ जुलै)

डोंबिवलीहून. आमच्या सोसायटीसाठी मी हेच एक्सेलमध्ये करतो. अग्निशमन यंत्रणेचा फॉर्म बी (यंत्रणा चालू असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, लिफ्टचा देखभाल करार, मुदत ठेवी, भाडेकरूंचे करार. माझी अडचण अशी की रंग एक ओळ वर दिसतो. ठेवीची मुदत भरते आणि लाल होतो लिफ्टचा करार. ओळ_रकाना साहेब, हे का होतं?

शिवाय कमिटीतले दोघं कागदावर प्रिंट मागतात, ती काळी-पांढरी निघते. तिथे रंग काय कामाचा?

ओळ_रकाना (२१ जुलै)

काका, रेंज दुसऱ्या ओळीपासून आणि सूत्रात तिसरी ओळ, असं झालं असणार. सूत्र नेहमी रेंजच्या पहिल्या ओळीच्या दृष्टीनं लिहायचं, खालच्या ओळींना ते आपोआप सरकत जातं. डॉलर अक्षराच्या आधी हवा, आकड्याच्या आधी नको. अक्षराला डॉलर असला की अख्खी ओळ एकाच कॉलमकडे बघून रंगते. आकड्यालाही लावला तर सगळं पान पहिल्याच ओळीकडे बघत बसतं.

एक्सेलमध्ये 'अ डेट ऑकरिंग' असा तयार नियम दिसतो, त्यात उद्या, पुढचा आठवडा, पुढचा महिना असे पर्याय आहेत. पण पुढचा महिना म्हणजे कॅलेंडरचा पुढचा महिना. ३१ जुलैला बसून 'पुढचे १५ दिवस' हवे असतील तर तो उपयोगी नाही. स्वतःचं सूत्रच लिहा.

दुसरीकडून कॉपी करून चिकटवताना फक्त व्हॅल्यू चिकटवत जा. नाहीतर प्रत्येक वेळी नियमाचा एकेक तुकडा सोबत येतो आणि सहा महिन्यांनी नियमांची यादी उघडली की तीस-चाळीस तुकडे सापडतात.

प्रिंटसाठी 'स्थिती' असा कॉलम करा. 'संपली', 'तयारी करा', 'ठीक' असे शब्द इफ वापरून आणा. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही त्यांनाही तो वाचता येतो, म्हणून हा कॉलम मी प्रिंट नसली तरी ठेवतो.

आकडेमोड (२१ जुलै)

सचिव काका, भाडेकराराची अखेरची तारीख हातानं मोजू नका. सुरुवात १५ ऑगस्ट २०२५ आणि करार ११ महिन्यांचा असेल तर ईडेट फंक्शनमध्ये सुरुवात आणि ११ द्या, आणि येणाऱ्या तारखेतून १ वजा करा. १४ जुलै २०२६ येईल. तो एक दिवस वजा करायला पुष्कळ जण विसरतात.

पण सहाचाकी दादा, पासिंगला मात्र हे सूत्र लावू नका. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी. कागदावर जी तारीख छापून येते तीच टाका.

पेन्सिल (२२ जुलै)

सगळं वाचलं. सगळं पटलं. तरी विचारते, शीट उघडतं कोण?

मी शाळेत तीस वर्षं शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म यांच्या तारखा सांभाळल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं. कॅलेंडर समोर असतं, चहा पिताना नजर जाते. बंद फाईलमधला लाल रंग बंद कपाटातल्या दिव्यासारखा. सहाचाकी, तुमच्या वडिलांची वही रोज उघडली जायची, तिच्यात रोजच्या डिझेलचा हिशोबही होता असं मी धरून चालते. म्हणून ती पंचवीस वर्षं चालली.

सहाचाकी (२२ जुलै)

ताई, हो. डिझेल, टोल, ड्रायव्हरची उचल, सगळं त्याच वहीत. कागदांच्या तारखा शेवटच्या पानावर, आणि वही बंद करताना ते पान समोर यायचंच. तुम्ही लिहिलंत तेव्हा हे पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. शीट मी महिन्यातून एकदा उघडत होतो.

ओळ_रकाना (२२ जुलै)

पेन्सिल ताईंचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. रंग तुम्हाला शोधत येत नाही.

गूगल शीटला अॅप्स स्क्रिप्ट (शीटसोबत चालणारा छोटा प्रोग्राम) जोडता येते. वीसेक ओळींचा कोड पुरतो: प्रत्येक ओळ वाचायची, मुदतीतून आजची तारीख वजा करायची, तयारीच्या दिवसांत आली असेल तर यादीत टाकायची, आणि यादी रिकामी नसेल तरच मेल पाठवायचा. रोज सकाळी ७ ते ८ च्या दरम्यान चालेल असा ट्रिगर लावता येतो. साध्या खात्यावरून दिवसाला १०० जणांना मेल जातो, आपल्याला ते भरपूर झालं. 'रिकामी नसेल तरच' यावर माझा भर आहे. रोज येणारा मेल आठ दिवसांत न उघडता पुसला जातो.

एक राहिलं. लोकॅल बदललात त्याच ठिकाणी टाईमझोन आहे, तोही बघा. तो लॉस एंजेलिसचा राहिला असेल तर आपल्याकडे दुपारचे साडेबारा-दीड वाजेपर्यंत शीटसाठी कालचीच तारीख असते. सकाळी शीट बघणाऱ्याला रोज एक दिवस जास्त उरलेला दिसतो. स्क्रिप्टचा टाईमझोन वेगळा असतो, तिथेही भारताचा करा.

सहाचाकी (३ ऑगस्ट)

उशिरा आलो, माफ करा. सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, तेव्हा काय केलं ते सांगणं माझं काम आहे.

४०७ चा इन्शुरन्स त्याच रविवारी भरला. आयशरचं पासिंग परवा झालं, गाडी कालपासून फेरीवर आहे. मधले दोन आठवडे ती दारात उभी होती.

तारखा वडिलांबरोबर बसून टाकल्या. मी कागद उचलून मोठ्यानं वाचायचो, ते वहीत बघायचे, मग मी टाईप करायचो. त्यात आणखी सहा तारखा अदलाबदल झालेल्या निघाल्या, त्यातली एक नॅशनल परमिटच्या ऑथरायझेशनची होती, जे दरवर्षी भरावं लागतं. ती हुकलीच असती. तयारीचे दिवस किती हे मी नव्हे, वडिलांनी ठरवलं. पासिंगला त्यांनी ४५ सांगितले. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाले पावसाळ्यात रंगकाम सुकत नाही. हे मला कुठल्या सूत्रात सापडलं नसतं.

सगळे ड्रायव्हरही घेतले यादीत, लायसन्ससाठी. मालवाहतुकीचं लायसन्स पाच वर्षांचं असतं, त्यामुळे ते कुणाच्या डोक्यातच राहत नाही. तिथे तयारीचे ६० दिवस ठेवलेत.

शीट आता रोज उघडतं, कारण पेन्सिल ताईंचं ऐकून डिझेलचा रोजचा हिशोब त्याच फाईलमध्ये आणला. पहिल्या पानाच्या डोक्यावर काऊंटइफ्स (अटीत बसणाऱ्या ओळी मोजणारं फंक्शन) लावून दोन मोठे आकडे ठेवलेत: 'संपलेले' आणि 'तयारी करा'. आज सकाळी वडिलांनी चहा पिता पिता विचारलं, "आकडे काय म्हणतात?" मी म्हटलं, शून्य आणि दोन. त्यांनी ते दोन कुठले ते विचारून वहीच्या शेवटच्या पानावरही लिहून घेतले. वही आम्ही बंद केलेली नाही.

जांभळा काल एकदा लागला. धाकट्या भावानं मोबाईलवरून ३१/०६/२०२६ टाकलं होतं. जूनला एकतीस दिवस नसतात. कागद काढून बघितला तर ३०/०६ होतं.